धुराला वाट

२००१ च्या जानेवारीत आमची तुकडी वर चढली. पोस्टचं नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. उंची सतरा हजार फुटांच्या वर. पोस्टवर आम्ही आठ जण होतो. सुभेदार साहेब, रेडिओ ऑपरेटर, एक नर्सिंग असिस्टंट आणि आम्ही पाच रायफलवाले. मी तेव्हा नायक होतो. हवालदार म्हणून २००६ ला रिटायर झालो आणि आता वेंगुर्ल्याला बंदराजवळ राहतो. पंधरा ऑगस्टला शाळावाले बोलावतात, मेडल लावून खुर्चीवर बसवतात. मुलं विचारतात, काका, तुम्ही किती शत्रू मारले? मी सांगतो, एकही नाही. मुलं खट्टू होतात. पुढचं उत्तर शाळेत देण्यासारखं नाही, म्हणून ते इथे लिहितो.

लान्स नायक यशवंत गवस माझ्याच सेक्शनमध्ये होता. आम्ही त्याला येसो म्हणायचो. त्याचं गाव बांद्याच्या पुढे, हायवे सोडून चार मैल आत. घरचं भात, काजू, थोडे आंबे. आई लहानपणीच गेलेली, बहीण सावंतवाडीला दिलेली, घरी एकटा बाप. मी दर्यावरचा. आमच्या घरात माझ्या आज्यापासून सगळे होडीवर. एकाच जिल्ह्याचे दोघे असलो तरी एकमेकांच्या कामाची आम्हाला काडीची माहिती नव्हती, आणि त्यावरूनच दिवसभर चालायचं. तो मला तांडेल म्हणायचा, म्हणजे होडीचा म्होरक्या. मी त्याला भातखाऊ म्हणायचो.

"आणि तू काय वारो खातंस?" तो विचारायचा.

पलटणीतल्या सातारा-सांगलीच्या पोरांना आमची मालवणी ऐकून वाटायचं, हे दोघे भांडतायत.

पोस्टवरचा दिवस ठरलेला असायचा. पहाटे पाचला स्टँड टू, म्हणजे सगळ्यांनी शस्त्र घेऊन सज्ज. मग बर्फ वितळवायचा, कारण पाणी म्हणजे बर्फच. मग शस्त्रं, मग दोर तपासायचे. बंकरपासून प्रत्येक जागेपर्यंत दोर बांधलेला होता, कारण वादळात हाताला दोर नसेल तर दहा पावलांवरचा बंकरही सापडत नाही. सेंट्री दोन दोन तासांची. अन्न डब्यातलं. झोप तुटक. तिथे शौर्य वगैरे काही नसतं. माणूस फक्त उद्याचा दिवस गाठायला बघतो.

राहायला एक दगडी बंकर होता आणि एक फायबर ग्लासची हट. आम्ही पोचल्यावर सहाव्या दिवशी दुपारी अडीचला वरच्या उतारावरून बर्फाची लादी सुटली आणि हट चेपून गेली. आत कोणी नव्हतं. चौघांच्या बंकरमध्ये आठ जण झालो. एकाने कूस बदलली की सगळ्यांनी बदलायची. साहेबांनी बेसला रेडिओ लावला. रेडिओवर आमच्या पोस्टचं नाव चार्ली थ्री.

"चार्ली थ्री. हट खतम. दुसरी भेजो. ओव्हर."

"वेदर निगेटिव्ह. अपना इंतजाम करो. ओव्हर."

साहेबांनी सेट ठेवला आणि आमच्याकडे बघितलं. "कुणाला काही सुचतंय का?"

मी म्हणालो, "साहेब, होडी करू. उलटी."

सगळे हसले. पण मी थट्टा करत नव्हतो. आमच्याकडे पावसाळ्यात होड्या वर ओढतात, उलट्या घालतात आणि वरून माडाच्या झावळ्यांची चुडतं घालतात. चार महिने वरून पाणी कोसळत असतं, बाजूने वारा येत असतो, आणि उलट्या होडीखाली वाळू कोरडी ठाक. लहानपणी आम्ही तिच्याखाली लपून बसायचो. माझ्या माहितीत त्याहून चांगलं छप्पर नव्हतं. उतरतं असल्यामुळे बर्फ साचणार नाही आणि नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, वाऱ्याच्या तोंडाला ठेवली की वारा दोन्हीकडून घसरून जाईल.

सामान काय होतं ते सांगतो. बर्फातल्या भेगांवर टाकायची अ‍ॅल्युमिनियमची एक लांब शिडी. मोडक्या हटचे वाकलेले पाइप. हवेतून टाकलेल्या मालाची दोन पॅराशूट. रॉकेलचे रिकामे जेरीकॅन, भरपूर. रेशनच्या पेट्यांच्या फळ्या आणि खोक्यांचे पुठ्ठे. शिडी आडवी टाकून होडीचा कणा केला. पाइपांच्या फासळ्या केल्या. जेरीकॅनमध्ये बर्फ ठासून वर पाणी ओतलं, रात्रीत दगड झाले, त्यांची कमरेइतकी भिंत रचली. फासळ्यांवर एक पॅराशूट, त्यावर पुठ्ठे, त्यावर दुसरं पॅराशूट. दोर आवळून बांधले. नंतर प्रत्येक जोड आणि प्रत्येक शिवण मी स्वतः बुजवली. होडीच्या फळ्यांच्या फटीत कापूस ठासून वर राळ-तेल फासतात. तिथे राळ कुठली? फाटक्या कोटपार्काच्या अस्तरातला कापूस घेतला, मेणबत्त्या वितळवल्या, त्यात शस्त्रांचं ग्रीस घातलं. माझा बाप म्हणायचा, बुजवलेलं दिसलं तर ते काम नव्हे. मी तसंच केलं. पाच मिनिटं काम, दहा मिनिटं धाप, असे चार दिवस गेले.

चौथ्या दिवशी येसो आत शिरला, वर बघितलं, सगळीकडे बघितलं.

"तांडेला, धुराक वाट खंय?"

"कसलो धूर?"

"स्टोव्ह पेटतलो मा हंय? आमच्या मांगराक वर भोक आसता."

मांगर म्हणजे शेतातली, बागेतली झोपडी. राखणीला माणूस तिथे राहतो, काजूच्या दिवसांत तर महिना महिना. आत चूल असते.

मी म्हणालो, "होडयेक भोक पाडूचा नसता, येसो. भोक पाडलेली होडी माशांची."

"आणि भोक नसलेलो मांगर भुतांचो."

आम्ही खरोखरच तापलो होतो. एवढं चार दिवस जीव काढून बुजवलं आणि हा भातखाऊ त्याला भोक पाडायला निघाला. सुभेदार साहेब बाहेरून ऐकत होते. त्यांनी आत डोकं घातलं. "गवस बरोबर आहे. स्टोव्ह लागणार तिथे व्हेंट पाहिजे. स्टँडिंग ऑर्डर आहे, कुबल, तुला माहीत नाही?"

माहीत होतं. बेसवर त्याचं लेक्चर झालं होतं आणि हजेरीच्या कागदावर माझी सही होती.

येसोने दुधाच्या पावडरचा डबा घेतला, दोन्ही बाजू कापल्या आणि कण्याच्या जरा खाली बसवला. बाहेरच्या बाजूला दुसरा डबा तिरका जोडून त्याचं तोंड खाली वळवलं. अर्धा दिवस तो त्यातच होता. बोटं उघडी ठेवून काम केल्यामुळे दोन बोटांची कातडी गेली. झाल्यावर माझ्याकडे बघून मिशीत हसला. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

होडी टिकली. दोन वादळं झाली, एक थेंब आत आला नाही. बंकरमध्ये सहा जण राहिले, होडीत मी आणि येसो. कंपनी कमांडर साहेबांनी रेडिओवर "वेल डन, कुबल" म्हटलं. माझी छाती फुगली होती, ते कबूल करतो. तोवरच्या बारा वर्षांच्या नोकरीत मला नावाने शाबासकी मिळाली ती तेवढीच.

फक्त एक होतं. वारा उलटा फिरला की येसोच्या डब्यातून पिठासारखा बारीक बर्फ आत यायचा. डबा कधी भरला नाही, भरणारही नव्हता. पण ते पीठ बरोबर माझ्या स्लीपिंग बॅगेवर पडायचं, कारण भोक माझ्या जागेवर होतं. मी रोज कुरकुर करायचो. येसो म्हणाला, "माझ्या जागेर नीज. माका काय फरक पडना नाय." मी नाही म्हणालो. जागा बदलली असती तर विषय संपला असता. पण मला जागा नको होती. त्याच्या भोकापायी माझी होडी गळते, हे मला सिद्ध करायचं होतं.

फेब्रुवारीत एक वादळ तीन दिवस थांबलं नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे पाचच्या सुमाराला मला जाग आली तेव्हा बॅगेवर बोटभर बर्फ होता आणि गळ्याशी वितळून आत उतरत होता. येसो पाच ते सात सेंट्रीवर गेलेला. मी एकटा होतो. मी कापसाचा बोळा केला, मेणात बुडवला आणि आतून डब्यात ठासला. वरून पॅराशूटच्या कापडाची चकती लावली, कडा मेणाने बसवल्या. हात आपोआप चालले. काम छान झालं. टॉर्च मारून बघितलं तर कुठे भोक होतं ते मलाच ओळखू येईना. स्टोव्ह लावायच्या आधी बोळा काढायचा, येसो आला की त्याला सांगायचं, हे मनात होतं. होतं, हे मी शपथेवर सांगतो. पण मनात असून काय उपयोग?

त्या दिवशी वादळामुळे स्टँड टू बंकरमधल्यांपुरताच होता. सातला मी होडीतून निघून दोर धरून बंकरकडे चाललो. येसो त्याच दोराने समोरून आला. वाऱ्याचा आवाज इतका होता की तोंडाला कान लावूनही ऐकू आलं नसतं. तो थांबला. मी थांबलो. त्याने माझ्या खांद्यावर थाप मारली, म्हणजे मी चाललो झोपायला. मी त्याच्या खांद्यावर थाप मारली. एवढंच. तो माझ्या बाजूने सरकून गेला. त्याला हाताला धरून मागे फिरलो असतो तर? बंकरपासून होडी सगळी चौदा पावलं होती.

बंकरमध्ये चहा होता. मग रेडिओची बॅटरी बसली, ती गरम करायला घेतली. मग साहेबांनी दारूगोळा मोजायला लावला. बोळा माझ्या डोक्यातून साफ गेला. लोक म्हणतात, उंचीवर ऑक्सिजन कमी असतो, माणूस विसरतो. असेल. मी ते कारण स्वतःला पुष्कळ वेळा देऊन बघितलं आहे.

अकराला येसोची पाळी होती. तो आला नाही. सव्वाअकराला साहेब म्हणाले, "कुबल, जाऊन बघ." दोर हातात घेतला आणि तेव्हा आठवलं. चौदा पावलांना किती वेळ लागला सांगता येत नाही.

आत हवा गरम होती. त्या पोस्टवर इतकी ऊब मी कधी अनुभवली नव्हती. स्टोव्ह निळा, बारका जळत होता. त्याच्यावर टोपात पाणी होतं. येसोचे बूट काढलेले होते, मोजे दोरीवर वाळत घातलेले होते. तो भिंतीला टेकून बसला होता, मान छातीवर, गाल लाल. सेंट्रीवरून पाय गारठून आला, पाय शेकायला स्टोव्ह लावला. वर बघायचं त्याला कारणच नव्हतं. वाट त्याने स्वतःच्या हाताने ठेवली होती.

मी स्टोव्ह विझवला. दाराचं कापड फाडलं. मग वर हात घालून चकती ओढली, बोळा उपसला. हे सगळं बरोबर केलं. पण बोळा मी खिशात घातला. ते का? जमिनीवर का टाकला नाही? येसोची नाडी बघायच्याही आधी माझ्या हाताने तो बोळा कोटाच्या खिशात घातला. नऊ वर्षं मी त्या हाताकडे बघतोय.

नंतर ओरडलो. नर्सिंग असिस्टंट आला, साहेब आले. पाऊण तास छाती दाबली, तोंडाने श्वास दिला. मी पण दिला. काही झालं नाही.

"व्हेंट?" साहेबांनी विचारलं.

"चोक झाला होता, साहेब. बर्फ."

"तू उघडलास?"

"हो साहेब."

साहेबांनी वर बघितलं. डबा स्वच्छ उघडा होता आणि त्यातून बारीक पीठ येत होतं. त्यांनी मान हलवली.

"चार्ली थ्री. कॅज्युअल्टी एक. ओव्हर."

"सीरियस या फेटल? ओव्हर."

"फेटल. ओव्हर."

"हेलिकॉप्टर निगेटिव्ह. वेट. आउट."

चार दिवस हवा उघडली नाही. चार दिवस येसो होडीतच होता, कारण बंकरमध्ये जागा नव्हती. मी बंकरमध्ये झोपलो. पुन्हा त्या होडीत मी गेलो नाही.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी खाली बेसवर झाली. मला विचारलं, मी तेच सांगितलं. लिहून घेतलं: वादळात व्हेंट बर्फाने बंद झाल्यामुळे कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा. खाली माझी सही आहे. एक शब्द वेगळा बोललो असतो तर माझी रँकची पट्टी गेली असती, कदाचित नोकरी गेली असती. मी तेवढ्याला भ्यालो असं म्हणता आलं तरी बरं. खरं म्हणजे मी त्याहून लहान गोष्टीला भ्यालो. माझ्या बुजवण्याने माणूस मेला हे कोणी म्हणू नये, एवढंच मला हवं होतं. चंदिगडच्या ट्रान्झिट कॅम्पात तो बोळा मी कचऱ्याच्या पिंपात टाकला.

आणि येसोच्या शवपेटीबरोबर एस्कॉर्ट म्हणून मलाच पाठवलं. एकाच जिल्ह्याचा, भाषा येते. विमानाने गोव्यापर्यंत, तिथून लष्कराच्या गाडीने बांदा, मग आतला कच्चा रस्ता. सगळं गाव आलं होतं. येसोचे वडील, दाजी गवस, खांद्यावर पंचा टाकून अंगणात उभे होते. सरकारी माणसांशी ते नीट शुद्ध मराठीत बोलले. सगळं आटोपल्यावर मला बाजूला घेतलं.

"तू काय तो तांडेल?"

"होय काकानू."

"तो पत्रात तुझा खूप लिवी. कसो गेलो?"

"धूर कोंडलो. भोक बर्फान भरला."

"बर्फान?"

"होय."

त्यांनी पंच्याने तोंड पुसलं. "बरा," म्हणाले.

त्यानंतर मी दर सुटीत त्यांच्याकडे जायचो. रिटायर झाल्यावर महिन्यातून एकदा. वेंगुर्ल्याहून सुका बांगडा न्यायचो, ते काजू द्यायचे. कुंपण घालायला, भात झोडायला हात लावायचो. लोक म्हणायचे, बघा, मित्राच्या बापाला मुलासारखा सांभाळतो. ते ऐकताना मला आनंद व्हायचा, हेही लिहून ठेवतो. दाजी फार बोलायचे नाहीत. पण प्रत्येक भेटीत, निघायच्या वेळी, एकच गोष्ट विचारायचे.

"भोक बर्फान भरला मा?"

"होय काकानू."

"बरा."

मला वाटायचं, म्हातारपण आहे, तेच तेच आठवत असेल.

२००८ च्या पावसाळ्यानंतर हत्ती आले. कर्नाटकाकडून उतरतात, केळी आणि माड मोडतात. दाजींच्या काजूच्या बागेतला मांगर त्यांनी भुईसपाट केला. चिऱ्याच्या भिंती तेवढ्या कमरेपर्यंत उरल्या, छप्पर चुरा. काजूचा हंगाम तोंडावर होता. मी म्हणालो, मी बांधून देतो. आमची जुनी लाकडी होडी किनाऱ्यावर पडून होती. भावाने फायबरची घेतल्यापासून तिला कोणी विचारत नव्हतं. ती टेम्पोत घातली. बांद्याच्या बाजारात टेम्पो थांबला तर लोक गोळा झाले.

"खंय चलली होडी?"

"डोंगरार."

"पूर येतलो काय रे?"

मीही हसलो. बऱ्याच वर्षांत तसा हसलो नव्हतो. उलटी होडी पुन्हा बांधायची, या वेळी नीट बांधायची, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. जणू त्याने काही फिटणार होतं. गावातल्या सहा माणसांनी ती उचलून चिऱ्यांच्या भिंतीवर उलटी बसवली आणि आपापल्या कामाला गेली. दोन दिवस मी फटी बुजवत होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला दाजी आले, वाकून आत शिरले, वर बघितलं, सगळीकडे बघितलं. अगदी येसोसारखं.

"धुराक वाट खंय ठेवतलंस?"

"तुमी सांगा, थंय ठेवतंय."

ते चिऱ्यावर बसले. कमरेची पिशवी सोडली, त्यातून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं इनलँड पत्र काढलं आणि माझ्या हातात दिलं. अक्षर येसोचं. वादळात बेसवर अडकलेल्या टपालातून ते आलं होतं, येसोला पोचवल्यावर बारा दिवसांनी. मी उभ्याउभ्या वाचलं.

"बाबा, हंय आमी एक मांगर बांधलो. तांडेलान बांधल्यान, होडयेसारखो. लय बरो झालो. मी त्येका धुराक वाट ठेवलंय, आपल्या मांगराक आसा तशी. भायर डब्याचा तोंड खाली वळयलंय. बर्फ कितीव पडलो तरी भरूचो नाय. तांडेल रागावलो आसा, पण तो मनाचो बरो आसा. काळजी करू नको."

"तोंड खाली वळयलला," दाजी म्हणाले. "मगे बर्फ भरलो कसो?"

सात वर्षं ते विचारत होते. सात वर्षं मी होय काकानू म्हणत होतो, आणि ते बरा म्हणत होते, आणि पुढच्या खेपेला पुन्हा विचारत होते. त्यांना ठाऊक होतं की मी खोटं बोलतोय. मी खरं बोलेन म्हणून ते थांबले होते.

मी खाली मातीत बसलो. "बर्फान नाय काकानू. मी बुजवलंय. आतसून."

"तुझ्या हातान?"

"माझ्या हातान."

"कित्याक?"

"बर्फाचा पीठ अंथरुणार पडी."

"त्येच्या?"

"माझ्या." मग थांबता येईना. "तो म्हणा होतो जागा बदलूया. मीच नको म्हटलंय. बुजवलंय, आणि त्येका सांगूक नाय. समोरसून गेलो तो माझ्या. सांगूक नाय."

बाहेर कुणीतरी गुरं हाकत होतं. दाजी उठले. माझ्या हातातून पत्र घेतलं, घडीवर घडी घातली, प्लास्टिकमध्ये गुंडाळलं, पिशवीत ठेवलं. ते मारतील असं मला वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"भोक पाड," ते म्हणाले.

मी गिरमिट घेतलं. आमच्या घरात होडीला भोक पाडणारा मीच पहिला. बापाच्या हातची फळी होती, लवकर लागेना. करवतीने गोल कापलं, दुधाच्या पावडरचा डबा बसवला, बाहेरचं तोंड खाली वळवलं. दाजींनी तीन चिरे मांडले, काजूची वाळकी पानं घातली, काडी लावली. धूर आधी छताला जमला, मग वाट सापडली तसा सरळ वर निघाला. आम्ही दोघे बघत राहिलो. इतकं सोपं होतं ते.

"आता जा," ते म्हणाले. "आणि परत येव नको."

"काकानू..."

"येव नको रे."

आवाज चढलेला नव्हता. माझी हत्यारांची पिशवी जड होती, ती त्यांनी स्वतः उचलून बांधापर्यंत आणून दिली आणि मागे वळले.

मी परत गेलो नाही. पण येसो गेला त्या तारखेला दरवर्षी एसटीने बांद्याला उतरतो, आत चालत जातो आणि ओढ्याच्या अलीकडे थांबतो. तिथून काजूची बाग दिसते. झाडांत एक होडी पालथी दिसते आणि तिच्या पाठीतून धूर निघताना दिसतो. धूर दिसला की मागे फिरतो. २००९ ला दिसला. यंदाही दिसला, पण बारीक. दाजी आता ऐंशीला आले. ज्या वर्षी दिसणार नाही, त्या वर्षी ओढा ओलांडायचा की नाही, ते मला कळत नाही. ओलांडायचा हक्क मला आहे असं वाटत नाही.

परतताना वाटेत त्यांच्या गावची शाळा लागते. फाटकाशी काळी फरशी आहे, तिच्यावर पांढऱ्या अक्षरात लिहिलं आहे: लान्स नायक यशवंत दाजी गवस, २००१, हिमवादळात वीरमरण. मी टोपी काढून उभा राहतो. नाव बरोबर आहे. रँक बरोबर आहे. साल बरोबर आहे. हिमवादळाने त्याला काही केलं नाही. त्याने धुराला वाट ठेवली होती, ती मी बुजवली.